लिनक्सवर गेम खेळायचे असतील तर: आधी यादी, मग पेनड्राइव्ह

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठीची नियमित अद्यतने थांबवली आणि त्यानंतर आठवडाभरात आलेल्या दिवाळीच्या सुटीत माझा भाचा आपला संगणक रजईत गुंडाळून लातूरहून परभणीला माझ्याकडे घेऊन आला. कार्यालयांतून निघालेल्या जुन्या लॉटमधला तो संगणक होता: चौथ्या पिढीचा आय-५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि ‘गेमिंग पीसी’ या नावाखाली विकता यावा म्हणून दुकानदाराने वरून बसवून दिलेले जीटी ७३० हे ग्राफिक्स कार्ड. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागत असल्यामुळे तो मार्ग बंद होता आणि नव्या संगणकाचा खर्च शिकवणीच्या फीनंतर घरात परवडणारा नव्हता. उरली ती लिनक्स, विंडोजच्या जागी बसवता येणारी फुकट प्रणाली. भाच्याने रजई सोडण्याआधीच विचारले, “मामा, लिनक्स टाकल्यावर व्हॅलोरंट चालतंय का?” मी म्हणालो, “नाही.” “मग जीटीए?” “चालतो, पण ऑनलाइन नाही.” तो थोडा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, “मग आधी हेच बघू की.”

त्याचे म्हणणे बरोबर होते, आणि बहुतेक जण नेमके हेच शेवटी करतात. आधी पेनड्राइव्ह तयार होतो, मग लिनक्स बसते, मग ड्रायव्हरशी दोन दिवस झटापट होते, आणि शनिवारी रात्री मित्र ऑनलाइन आल्यावर कळते की जो गेम खेळायचा होता तो येथे चालणारच नाही. त्यानंतर दोष लिनक्सला दिला जातो. म्हणून पहिले काम संगणकाशी नव्हे, कागदाशी आहे: गेल्या ६ महिन्यांत आपण प्रत्यक्षात जे गेम खेळलो त्यांची नावे लिहावीत. कधीतरी खेळू म्हणून ठेवलेले गेम त्यात धरू नयेत.

यादीतला प्रत्येक गेम तपासताना

तपासणी समजण्यासाठी आत काय घडते हे थोडे माहीत असावे. विंडोजसाठी बनवलेला गेम लिनक्सवर चालतो तो वाइन या प्रकल्पामुळे, ज्याचे काम १९९३ पासून सुरू आहे. वाइन संपूर्ण विंडोजची नक्कल करत नाही. गेम विंडोजकडे जी मागणी करतो, म्हणजे फाइल उघडणे, खिडकी दाखवणे, आवाज काढणे, ती मागणी मध्येच घेऊन लिनक्सला समजेल अशा मागणीत बदलते. स्टीम हे गेमचे ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने ऑगस्ट २०१८ मध्ये वाइनला इतर काही भागांची जोड देऊन प्रोटॉन नावाने ते स्टीममध्येच बसवले. या जोडलेल्या भागांपैकी डीएक्सव्हीके हा सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण गेमच्या डायरेक्टथ्रीडी ८ ते ११ या विंडोजच्या पद्धतीतील चित्रणाच्या आज्ञा तो व्हल्कनमध्ये, म्हणजे लिनक्सवरही चालणाऱ्या तशाच पद्धतीत, बदलतो. डायरेक्टथ्रीडी १२ साठी व्हीकेडीथ्रीडी-प्रोटॉन हा वेगळा भाग आहे. व्हल्कन हा शब्द लक्षात ठेवावा, कारण भाच्याच्या जीटी ७३० चे गाडे पुढे त्यावरच अडले.

एकट्याने खेळण्याचे बहुसंख्य गेम या व्यवस्थेत आज विनातक्रार चालतात. अडचण आहे ती फसवणूक रोखणाऱ्या, म्हणजे अँटी-चीट, यंत्रणांची. व्हॅलोरंटची व्हॅनगार्ड ही यंत्रणा विंडोजच्या गाभ्यात, कर्नलच्या पातळीवर, आपला ड्रायव्हर बसवते. वाइनजवळ विंडोजचा गाभाच नसल्यामुळे तो ड्रायव्हर बसायला जागा नाही, आणि म्हणून कोणत्याही युक्तीने व्हॅलोरंट लिनक्सवर चालत नाही. यूट्यूबवर कोणी तो चालवून दाखवत असेल तर तेथे वेळ घालवू नये. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय यांची गोष्ट वेगळी आहे. त्या दोघांनी सप्टेंबर २०२१ मध्ये प्रोटॉनसाठी दार उघडले, पण ते दार आपल्या गेमसाठी उघडायचे की नाही हे गेम बनवणाऱ्या कंपनीवर सोडले. त्यामुळे एल्डन रिंग ईझी अँटी-चीट असूनही चालतो, फोर्टनाइट मात्र चालत नाही. आणि एपेक्स लेजेंड्स कित्येक महिने व्यवस्थित चालल्यावर ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस कंपनीने लिनक्ससाठी बंद केला. जीटीए ५ मध्ये सप्टेंबर २०२४ ला बॅटलआय आल्यापासून कथेचा भाग चालतो, ऑनलाइन भाग चालत नाही. पबजी बॅटलग्राउंड्स, कॉल ऑफ ड्यूटीचे अलीकडचे भाग आणि फिफा २३ पासून पुढचे फुटबॉलचे गेम यांवरही फुली मारावी. उलट काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ यांच्या स्वतःच्याच लिनक्स आवृत्त्या आहेत, काउंटर-स्ट्राइक १.६ चीही आहे, आणि माइनक्राफ्टची जावा आवृत्ती तर कोणत्याही मध्यस्थाशिवाय चालते.

प्रत्येक नाव प्रोटॉनडीबी या संकेतस्थळावर शोधावे. तेथे खेळाडूंच्या अनुभवांवरून गेमला प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ किंवा बोर्क्ड असा दर्जा मिळतो, आणि लिनक्सची स्वतःची आवृत्ती असेल तर नेटिव्ह लिहिलेले असते. केवळ दर्जा पाहून थांबू नये; खाली उतरून अलीकडच्या दोन-तीन महिन्यांतील नोंदी वाचाव्यात आणि त्यांतही आपल्यासारखेच कार्ड असलेल्या माणसाची नोंद शोधावी, कारण एनव्हिडियाच्या ४० मालिकेचे ताकदवान कार्ड असलेल्याचे ‘उत्तम चालते’ आपल्या उपयोगाचे नसते. ऑनलाइन गेमसाठी ‘आर वी अँटी-चीट येट’ या नावाचे वेगळे संकेतस्थळ आहे आणि त्या बाबतीत ते अधिक नेमके आहे.

यादीतल्या ५ नावांपैकी ४ चालणार असतील आणि पाचवे व्हॅलोरंट असेल, तर दोन्ही प्रणाली एकाच संगणकावर ठेवणे हाच खरा उपाय होय. यादीत फक्त व्हॅलोरंट असेल तर पुढचे वाचण्याची गरज नाही. त्या माणसाने विंडोजवरच राहावे, हे मी लिनक्सचा जुना वापरकर्ता असूनही सांगतो.

कार्ड

आता जीटी ७३०. आपल्याकडच्या जुन्या संगणकांच्या बाजारात हे कार्ड आणि त्याचा धाकटा भाऊ जीटी ७१० अक्षरशः पोत्याने मिळतात. त्यांची बहुतेक मॉडेल एनव्हिडियाच्या केप्लर पिढीतली आहेत, आणि त्या पिढीसाठी एनव्हिडियाची शेवटची ड्रायव्हर मालिका ४७० ही आहे. या ड्रायव्हरमध्ये व्हल्कन १.२ पर्यंतच मिळते. डीएक्सव्हीकेच्या दुसऱ्या आवृत्तीपासून मात्र व्हल्कन १.३ लागते, आणि प्रोटॉन ८ पासून पुढे तीच आवृत्ती आत आहे. परिणाम असा होतो की लिनक्स बसते, ड्रायव्हर बसतो, गेम उतरतो, ‘प्ले’ दाबल्यावर बटण क्षणभर निळे होते आणि पुन्हा हिरवे होऊन बसते. काय चुकले हे सांगणारा संदेशही दिसत नाही. प्रोटॉन ७ निवडला तर काही जुने गेम उघडतात, भाच्याच्या संगणकावर दोन उघडलेही, पण यावर कोणी भिस्त ठेवू नये.

कार्ड काढून मदरबोर्डवरचेच इंटेलचे ग्राफिक्स वापरावे, तर तिसऱ्या आणि चौथ्या पिढीच्या इंटेलमध्ये व्हल्कनचा आधार अपुरा आहे. सहाव्या पिढीपासून तो पुरेसा होतो. एएमडीच्या बाबतीत आरएक्स ४०० मालिकेपासून पुढची कार्डे डोळे मिटून घ्यावीत, कारण त्यांचा ड्रायव्हर लिनक्सचा कर्नल आणि मेसा हा त्याचा ग्राफिक्सचा संच यांच्यात आधीपासूनच असतो आणि वेगळे काहीही बसवावे लागत नाही. एनव्हिडियाच्या जीटीएक्स ९०० आणि १० मालिकेतील कार्डे आजही चांगली चालतात. त्यांच्यासाठी ५८० ही शेवटची ड्रायव्हर मालिका आहे, त्यामुळे त्यांना त्याच मालिकेवर ठेवावे.

कार्यालयांतून निघालेल्या संगणकात नवे कार्ड घालताना एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा भाग, आधी पाहावा. तो बहुधा ३०० वॉटच्या आतला असतो आणि कार्डासाठीची ६ पिनांची वेगळी वायर त्यात नसते, म्हणजे मदरबोर्डच्या खाचेतून मिळणाऱ्या ७५ वॉटवरच भागवावे लागते. अशा संगणकात आरएक्स ५५० किंवा ६ पिनांची जागा नसलेले जीटीएक्स १०५० टीआय बसते. संगणकाचा डबा सपाट, आडवा असेल तर कमी उंचीचे मॉडेल मागावे. आरएक्स ५७० आणि ५८० अधिक ताकदवान असले तरी त्यांना मोठा एसएमपीएस लागतो, आणि शिवाय सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचे मायनिंग बंद पडल्यावर बाजारात आलेल्या या कार्डांपैकी अनेकांचे बायोस, म्हणजे कार्डातले मूळ प्रोग्राम, मायनिंगसाठी बदललेले असतात. ‘५८०, २०४८ एसपी’ असे लिहिलेले कार्ड नावाने ५८० असले तरी गुणाने ५७० च आहे, हे भाव करताना ध्यानात असू द्यावे. संभाजीनगरला पैठण गेटकडे असो की नांदेडला वजिराबादेत, दुकानातच कार्ड लावून एखादा गेम १५ मिनिटे चालवून दाखवायला सांगावे. दुकानदार टाळाटाळ करू लागला तर उत्तर मिळालेच. आम्ही शेवटी एक आरएक्स ५५० घेतले, ४ जीबीचे.

पेनड्राइव्ह लावण्याआधी विंडोजमध्ये करायची कामे

विंडोज ठेवायचेच असेल तर तीन गोष्टी आधी उरकाव्यात. पहिली, पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करावे, कारण ते चालू असताना विंडोज बंद केल्यासारखे दिसते पण प्रत्यक्षात अर्धवट झोपलेले असते आणि लिनक्सला त्याच्या ड्राइव्हवर लिहिता येत नाही. दुसरी, लॅपटॉप असल्यास बिटलॉकर हे डिस्कचे कुलूप चालू आहे का हे पाहून त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्यावी. बूटच्या सेटिंगला हात लावल्यावर विंडोज ती मागू शकते, आणि त्या वेळी ती की ज्या ई-मेल खात्यात आहे त्याचा पासवर्ड कोणालाही आठवत नसतो. तिसरी, दहावी-बारावीचे निकाल, आधारच्या प्रती, घरातले फोटो वगैरे सर्व बाहेरच्या डिस्कवर घ्यावे. लिनक्स बसवताना होणाऱ्या बहुतेक दुर्घटना चुकीची डिस्क पुसल्याने होतात.

शक्य असेल तर लिनक्ससाठी वेगळी एसएसडी घ्यावी. एकाच डिस्कचे दोन वाटे करता येतात, पण वेगळी डिस्क असली की विंडोजची केबल काढून ठेवता येते आणि चूक होण्याची शक्यताच उरत नाही. माझा आग्रह असेल तर एवढ्याचाच.

कोणते लिनक्स? या प्रश्नावर लोक आयुष्यभर भांडतात. जुना किंवा मध्यम वयाचा संगणक असेल आणि तो घरातल्या इतरांनाही वापरायचा असेल तर लिनक्स मिंटची २२ मालिका घ्यावी. तिला २०२९ पर्यंत अद्यतने मिळणार आहेत, तिची फाइल ३ जीबीच्या आसपास आहे, आणि विंडोजची सवय असलेल्या माणसाला तिच्यात हरवल्यासारखे होत नाही. संगणक फक्त गेमसाठीच असेल किंवा कार्ड नुकतेच बाजारात आलेले असेल तर फेडोरावर आधारलेले बझाइट घ्यावे, ज्यात स्टीम आणि ड्रायव्हर आधीच घातलेले असतात; मात्र त्याची फाइल बरीच मोठी आहे आणि डाउनलोड करताना आपले कार्ड विचारले जाते, तेथे उत्तर बरोबर द्यावे लागते.

फाइल विंडोजमधून रुफस या प्रोग्रामने ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिहावी, संगणक सुरू करताना डेल आणि लेनोव्होला एफ १२, एचपीला एफ ९ दाबून पेनड्राइव्ह निवडावा, आणि मिंट बसवण्याआधी तसेच पेनड्राइव्हवरून १० मिनिटे वापरून पाहावे. आवाज येतो का, वायफाय दिसते का, स्क्रीनचा आकार बरोबर आहे का, हे तेव्हाच कळते. वायफाय दिसत नसेल तर घाबरण्याचे कारण नाही. मोबाइल यूएसबी वायरने जोडून त्यात यूएसबी टेदरिंग सुरू करावे, लिनक्स ते बहुधा लगेच ओळखते, आणि त्या इंटरनेटवर वायफायचा ड्रायव्हर उतरवता येतो.

दोन्ही प्रणाली ठेवणाऱ्यांना एक गमतीशीर गोष्ट दिसेल: लिनक्स वापरून विंडोजमध्ये गेल्यावर घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे जाते. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात ग्रिनिचची वेळ ठेवते आणि विंडोज तीच भारतीय वेळ समजते, एवढेच त्याचे कारण आहे. विंडोजच्या वेळेच्या सेटिंगमधील ‘सिंक नाऊ’ दाबल्याने ते तात्पुरते सुटते. मात्र घड्याळ चुकलेले असताना गेमचे लॉगिन अडते, आणि तेव्हा लोक इंटरनेटला दोष देत बसतात.

ड्रायव्हर, स्टीम आणि प्रोटॉन

मिंट बसल्यावर प्रथम अपडेट मॅनेजर चालवावा. एएमडी किंवा इंटेल असेल तर ड्रायव्हरचे काम येथेच संपले. एनव्हिडिया असेल तर ड्रायव्हर मॅनेजर उघडून ‘रेकमेंडेड’ असे लिहिलेला पर्याय निवडावा आणि संगणक पुन्हा सुरू करावा. सिक्युअर बूट, म्हणजे सुरू होताना फक्त मान्य प्रोग्राम चालू देणारी सोय, चालू असल्यास ड्रायव्हर बसताना एक पासवर्ड ठरवायला सांगितले जाते आणि पुढच्या वेळी संगणक सुरू होताना निळ्या पडद्यावर ‘एन्रोल एमओके’ असा पर्याय येतो. तो पडदा काही सेकंदांतच जातो, आणि तो विषाणू समजून घाईने पुढे गेलेल्या माणसाचा ड्रायव्हर चालत नाही. तेथे थांबून, तो पर्याय निवडून, तोच पासवर्ड द्यावा. सिक्युअर बूट सरळ बंद करणे सोपे आहे, पण विंडोज ११ वर व्हॅलोरंट ठेवायचा असेल तर व्हॅनगार्डला ते चालूच लागते.

दोन ग्राफिक्स असलेल्या लॅपटॉपवर गेम कधी कधी एनव्हिडियाऐवजी इंटेलवर चालतो आणि माणूस ‘लिनक्स मंद आहे’ असा निष्कर्ष काढतो. हे पकडण्यासाठी मँगोहड हा छोटा प्रोग्राम बसवावा. स्टीममध्ये गेमच्या नावावर उजवी क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘लाँच ऑप्शन्स’ ही रिकामी चौकट असते. तेथे इंग्रजी लहान अक्षरांत मँगोहड हा शब्द लिहून एक जागा सोडावी आणि पुढे टक्क्याचे चिन्ह, कमांड हा शब्द आणि पुन्हा टक्क्याचे चिन्ह, असे मध्ये जागा न सोडता लिहावे. गेम सुरू झाल्यावर कोपऱ्यात फ्रेमचा वेग, कार्डावरचा भार आणि तापमान दिसू लागते. कार्डावरचा भार शून्य दिसला तर गेम दुसऱ्याच ग्राफिक्सवर चालला आहे. मग मिंटच्या खालच्या पट्टीतल्या एनव्हिडियाच्या चिन्हावरून ‘परफॉर्मन्स’ निवडावे.

स्टीम मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये दोन रूपांत दिसते. त्यातले ‘सिस्टिम पॅकेज’ घ्यावे. फ्लॅटपॅक हे दुसरे रूपही चालते, पण दुसऱ्या डिस्कवर गेम ठेवायचे म्हटले की परवानग्यांचा वेगळा खटाटोप करावा लागतो. लॉगिन झाल्यावर सेटिंग्जमधील ‘कम्पॅटिबिलिटी’त सर्व गेमसाठी प्रोटॉन सुरू आहे का ते पाहावे. एखादा गेम सुरू होत नसेल तर त्याच्या ‘प्रॉपर्टीज’मधील ‘कम्पॅटिबिलिटी’त जाऊन दुसरी प्रोटॉन आवृत्ती सक्तीने निवडावी: आधी क्रमांकाची सर्वांत नवी, मग ‘एक्सपेरिमेंटल’. त्यानेही भागले नाही तर प्रोटॉनअप-क्यूटी या प्रोग्राममधून जीई-प्रोटॉन ही प्रोटॉनची व्हॉल्व्हबाहेर तयार झालेली आवृत्ती उतरवावी. कटसीनमध्ये, म्हणजे गेमच्या मधल्या चित्रफितीत, काळा पडदा दिसत असेल तर ती अनेकदा कामी येते.

आणि आता माझी स्वतःची चूक. गेम आधीच विंडोजच्या डी ड्राइव्हवर उतरलेले होते, मग १०० जीबी पुन्हा कशाला उतरवायचे, असा शहाणपणाचा विचार करून मी स्टीमला तोच ड्राइव्ह दाखवला. गेम यादीत दिसले, ‘प्ले’ दाबले, काही झाले नाही. भाचा शेजारी बसून कार्ड खराब आहे असे म्हणत होता आणि मी प्रोटॉनच्या आवृत्त्या एकामागून एक बदलत होतो. रात्रीचे जेवण गार झाले. कारण नंतर कळले. प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी ‘कम्पॅटडेटा’ नावाच्या फोल्डरमध्ये एक वेगळी, छोटी, खोटी सी ड्राइव्ह तयार करतो, आणि त्यात ज्यांच्या नावातच विसर्गासारखे दोन टिंबांचे कोलन आहे असे दुवे असतात. विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीत फाइलच्या नावात ते चिन्ह चालत नाही. म्हणून गेमचा फोल्डर लिनक्सच्या ईएक्सटी४ पद्धतीच्या डिस्कवरच असावा. उतरलेले गेम वाया जात नाहीत. ते तिथून नव्या डिस्कवरच्या स्टीमच्या ‘कॉमन’ फोल्डरमध्ये नकलून घ्यावेत आणि स्टीममध्ये ‘इन्स्टॉल’ दाबावे, म्हणजे स्टीम असलेल्या फाइल तपासून उरलेलेच उतरवते.

त्याच कम्पॅटडेटामध्ये अनेक गेमची सेव्ह केलेली प्रगती असते. जागा मोकळी करण्याच्या उत्साहात तो फोल्डर पुसला आणि गेमला स्टीम क्लाउड नसेल, तर सगळा खेळ पहिल्यापासून.

एपिक आणि जीओजी या ऑनलाइन दुकानांतील गेमसाठी हिरोइक हा प्रोग्राम घ्यावा. एपिकने फुकट दिलेले गेम साठवून ठेवणाऱ्यांना तो पुरेसा आहे. ईए स्पोर्ट्सच्या क्रिकेट ०७ सारखा, सीडीवर घेतलेला आणि कोणत्याच दुकानात आता न मिळणारा जुना गेम लुट्रिस किंवा बॉटल्स या प्रोग्राममधून बसवून पाहता येतो. टोरेंटवरच्या दाबून लहान केलेल्या प्रतींबद्दल मात्र स्पष्ट सांगायला हवे: कायद्याचा प्रश्न बाजूला ठेवला तरी त्यांचे इन्स्टॉलर वाइनमध्ये अर्ध्यावर अडकतात आणि मग दोष कशाचा हे शोधता येत नाही. स्टीमवर किमती रुपयांत आहेत आणि विकत घेतल्यापासून १४ दिवसांत, २ तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर गेमचे पैसे परत मागता येतात. नवा गेम घेतल्यावर पहिल्या दीड तासात तो नीट चालतो का एवढेच पाहावे. सेटिंग बदलत घालवलेला वेळही त्या २ तासांत मोजला जातो.

डेटा, लाइट आणि ऊन

वसतिगृहात राहणाऱ्या पोरांकडे रोजचा दीड-दोन जीबीचा मोबाइल डेटा असतो आणि गेम १०० जीबीचा. स्टीमच्या ‘डाउनलोड्स’ सेटिंगमध्ये ‘शेडर प्री-कॅशिंग’ नावाचा पर्याय आहे. त्यामुळे लिनक्सवर प्रत्येक गेममागे वेळोवेळी वेगळा डेटा उतरत राहतो. डेटा मोजून वापरणाऱ्यांनी तो बंद करावा. पहिल्यांदा गेममध्ये थोडे अडखळल्यासारखे होईल, पण डीएक्सव्हीकेच्या नव्या आवृत्त्यांनी तो त्रास पुष्कळ कमी केला आहे. त्याच पानावर गेमच्या अद्यतनांची वेळ पहाटेची ठरवता येते आणि स्थानिक नेटवर्कवरून गेमच्या फाइल घेण्याची सोयही सुरू करता येते: एकाच वायफायवर असलेल्या मित्राच्या विंडोज संगणकावर तोच गेम असेल, तर तो इंटरनेटला हात न लावता थेट आपल्या लिनक्सवर येतो. लातूरच्या एका खोलीत तीन मुलांनी एका रात्रीत असे तीन गेम वाटून घेतले, ज्याचा डेटा एकट्याला महिनाभर पुरला नसता.

लाइट जाणे गृहीत धरावे. ईएक्सटी४ अचानक बंद पडलेल्या संगणकातून बऱ्यापैकी सावरते, पण प्रणालीचे अद्यतन चालू असताना लाइट गेली तर सावरणे अवघड जाते. म्हणून अद्यतने ढगाळ संध्याकाळी करू नयेत. घरच्या इन्व्हर्टरवर संगणक लावलेला असतो तरीही लाइट जाताच तो बंद पडून पुन्हा सुरू होतो, अशी तक्रार पुष्कळ ऐकतो. अनेक इन्व्हर्टरच्या मागे ‘यूपीएस’ असे लिहिलेले छोटे बटण असते; ते त्या बाजूला सरकवले की बदल पुरेसा लवकर होतो. बझाइटमध्ये अद्यतन बिघडले तर सुरुवातीच्या यादीतून आधीची प्रणाली निवडता येते, आणि मिंटमध्ये टाइमशिफ्ट हा प्रोग्राम तेच काम करतो, फक्त तो पहिल्याच दिवशी चालू करून ठेवावा लागतो.

एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० च्या पुढे गेल्यावर दुपारी खेळूच नये, हा सल्ला कोणी ऐकणार नाही. निदान गेममधली फ्रेमची मर्यादा ६० वरून ४० वर आणावी. मँगोहडमधले तापमान काही मिनिटांत उतरलेले दिसते. कूलरच्या ओल्या वाऱ्यासमोर उघड्या डब्याचा संगणक ठेवणाऱ्यांना आतली धूळ कशी चिकटून बसते ते एकदा कार्डाचा पंखा खोलल्यावर कळेल.

स्टीम किंवा गेम अद्यतनानंतर कधी कधी कालपर्यंत चाललेला गेम आज उघडत नाही. अशा वेळी लिनक्स पुन्हा बसवू नये. आधी प्रोटॉनची आवृत्ती बदलावी, मग प्रोटॉनडीबीवर त्याच आठवड्यातील नोंदी वाचाव्यात. दहापैकी आठ वेळा दुसऱ्या कोणीतरी तीच तक्रार लिहून उपायही दिलेला असतो. भाच्याने रजई सोडण्याआधी केलेली ती नावांची यादी आता त्याच्या लातूरच्या खोलीत टेबलाच्या वर चिकटवलेली आहे. प्रत्येक नावापुढे ज्या प्रोटॉन आवृत्तीवर तो गेम चालला तिचा क्रमांक पेन्सिलीने लिहिलेला आहे, दोन ठिकाणी खोडून बदललेला, आणि व्हॅलोरंटपुढे नुसती फुली.